कानोबाला न कळलेला शब्द

एका गावात एक बांगड्यांची भट्टी होती, आणि त्या भट्टीच्या धाकानं गावातून एक शब्द कायमचा हद्दपार झाला होता. गावाचं नाव काकणवाडी. शब्द होता ‘फुटणे’. ज्या गावाचं पोट काचेवर चालतं, तिथे हा शब्द तोंडातून काढायचा कुणी? हातातून बांगडी पडून तिचे तुकडे झाले, की काकणवाडीत म्हणायचे, ‘बांगडी वाढली.’ तसं आपल्याकडे सगळीकडेच म्हणतात. पण काकणवाडीनं ते फारच मनावर घेतलं होतं. नारळ वाढवायचा, दुकान वाढवायचं, हे तर झालंच. तिथे माठही वाढायचा आणि आरसाही वाढायचा. एकदा एका नव्या जावयानं ‘येताना गाडीचं टायर फुटलं’ असं म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी त्याला आधी चूळ भरायला लावली आणि मग चहा दिला.

भट्टीपुढे ‘बंद’ आणि ‘विझव’ हे शब्दही चालत नसत. दिवस मावळला की भट्टीची आच उतरवायची आणि रात्रभर तिला मंद ठेवायची, अशी रीत होती. त्याला म्हणायचे ‘भट्टी वाढवणे’. घरी गेल्यावर ताटात भात वाढायचा तो वेगळा, आणि पोरं उंचीनं वाढायची ती वेगळी. एका शब्दाच्या मागे इतकी कामं, तरी घोटाळा कधी झाला नाही. बोलणाऱ्याचा चेहरा, त्याचा हात आणि दिवसाची वेळ बघून ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं.

या भट्टीची मालकी नेमीशेठ कासारांची होती, पण भट्टी खरी सांभाळायची ती तान्हूआक्का. ती सासरी आली तेव्हापासून भट्टीच्या तोंडाशी होती. काच ज्या मातीच्या भांड्यात वितळते त्याला मूस म्हणतात. त्या मुशीला आच कमी पडली तर काच धाग्यासारखी ओढली जात नाही, आणि जास्त झाली तर मूसच तडकते. म्हणून कुणीतरी सतत आगीकडे डोळे लावून उभं राहायला लागायचं. त्या आगीनं आक्काच्या डोळ्यांतलं पाणी आटवलं होतं, आणि धुरानं तिचा आवाज घोगरा केला होता. भट्टीवरचं कुणीच खोकल्याशिवाय बोलत नसे. काकणवाडीची हिरवी काकणं दूरदूरच्या नवऱ्यामुलींच्या हातात किणकिणायची, आणि काकणवाडी रात्रभर खोकायची.

त्या खोकल्यातच सुगंधाचे वडील गेले. सुगंधा तेव्हा शाळेत होती. पुढे ती शहरात शिकायला गेली, यंत्रांची विद्या शिकली, मोठ्या कारखान्यात चांगल्या जागेवर लागली. तिथेच राहिली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. पण ती परत आली. गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या खोलीत बसून तिनं एक यंत्र तयार केलं. मला या मुलीचं फार कौतुक वाटतं, ते आत्ताच सांगून टाकतो. पुढे तर अजून वाटणार आहे.

ते यंत्र ऐकायचं. माणसानं लांब सावलीत बसून नुसतं बोलायचं, ‘आच वाढव’, ‘आच उतरव’, ‘हवा सोड’, आणि यंत्र तसं करायचं. भट्टीतलं तेल, हवा, मुशीची धग, सगळ्यावर त्याची नजर असायची. धूर ते वरच्या वर ओढून बाहेर टाकायचं. त्याला दोन गोल जाळ्या होत्या, ते त्याचे कान. म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं कानोबा. पहिल्या दिवशी आक्कानं त्याला हळदकुंकू लावलं, आणि सुगंधानं घाईघाईनं जाळीतलं कुंकू पुसून काढलं.

कानोबा आला आणि भट्टीचं रूप पालटलं. बायका भिंतीकडेला वाऱ्यात बसून काकणांची टोकं जुळवू लागल्या. खोकला कमी झाला. आक्का म्हणायची, “जन्मात पयल्यांदा भट्टीपाशी बसून भाकरीची चव लागली गं बाई.” सुगंधाला याहून मोठी शाबासकी नको होती.

सुरुवातीचे काही महिने संध्याकाळी भट्टी उतरवण्याचं काम सुगंधा स्वतः करायची. ‘कानोबा, आच उतरव,’ असं ती म्हणायची आणि घरी जायची. यंत्र हातानं थांबवायची एक किल्ली होती. ती मात्र तिच्या कमरेला असायची. कुणी उगाच खुडबूड करून बिघडवू नये, असं तिला वाटायचं. आपल्या हातच्या वस्तूवर माणसाचा जीव असतो, आणि तिथेच तो जरा आंधळा होतो.

नेमीशेठ तर हवेत तरंगत होते. त्यांनी आजूबाजूच्या गावांतल्या भट्टीमालकांना यंत्र बघायला बोलावलं. यंत्र त्यांना पटलं, तर ते प्रत्येक भट्टीवर बसणार होतं. सुगंधाला यंत्रं बांधायला शिकवायची मोठी शाळा, हाताखाली गावातली मुलं, हे सगळं ठरलं होतं. पाहुणे आदल्या दिवशीच आले. संध्याकाळी शेठनं सुगंधाला वाड्यावर चहाला बोलावलं. निघताना ती आक्काला म्हणाली, “आक्का, आज भट्टीचं तू बघ. नुसतं कानोबाला सांगायचं, बाकी तो करतो.”

आक्काला केवढा अभिमान वाटला! सगळ्या बायका घरी गेल्यावर तिनं पदर डोक्यावरून घेतला, सासूनं शिकवल्याप्रमाणे भट्टीला हात जोडले आणि यंत्राकडे वळून मायेनं म्हणाली, “भट्टी वाढव रे बाबा.”

कानोबानं ऐकलं आणि आज्ञा पाळली. त्याला ‘वाढव’ या शब्दाचा एकच अर्थ शिकवलेला होता. त्यानं आच वाढवली.

आक्का फाटकापर्यंत पोचली तेव्हा तिच्या पाठीला धग लागली. वळून बघते तर भट्टीचं तोंड पांढरं पडलं होतं. ती धावत परत आली. इतक्या वर्षांत तिनं भट्टीपुढे ‘विझव’ म्हटलं नव्हतं, त्या घाबरलेल्या घटकेलाही तिच्या जिभेवर तो शब्द आला नाही, आणि सुगंधाचं ‘उतरव’ही तिला सुचलं नाही. ती ओरडली, “आरं वाढव! वाढव म्हनते ना!” कानोबानं आणखी तेल सोडलं. ती किंचाळली, “वाढव रं देवा!” त्यानं होतं नव्हतं ते सगळं तेल सोडलं. बिचारी आक्का जीव तोडून आग थांबवायला सांगत होती, आणि बिचारं यंत्र जीव तोडून तिचं ऐकत होतं.

मूस तडकली. वितळलेली काच फरशीवर आली, कडेला रचलेल्या काकणांच्या पेट्यांनी पेट घेतला. आक्का हातानं तेलाची नळी ओढायला गेली आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आकाशात लाल उजेड बघून सुगंधा वाड्यावरून पळत आली, तिनं कमरेची किल्ली लावून यंत्र थांबवलं. माणसांनी पाणी आणि माती मारून आग आटोक्यात आणली. जीव गेला नाही कुणाचा. पण लग्नसराईसाठी केलेली सगळी हिरवी काकणं एका ओबडधोबड गोळ्यात जमून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळक्या भट्टीच्या अंगणात सगळे जमले. पाहुणे भट्टीमालक खुर्च्यांवर बसले होते. आक्का हाताला फडकं गुंडाळून खाली जमिनीवर बसली होती. आपल्याला भट्टीवरून काढणार, हे तिला कळून चुकलं होतं. भट्टी सोडून तिला दुसरं घरच नव्हतं म्हणा ना.

नेमीशेठनं पाहुण्यांकडे बघून बोलायला सुरुवात केली. “यंत्रात काडीचा दोष नाही. यंत्र ऐकलेलं सगळं साठवून ठेवतं. तुम्हीच ऐका.” त्यांनी सुगंधाला खूण केली, तिनं यंत्र चालू केलं, आणि कानोबाच्या जाळीतून आक्काचा घोगरा आवाज आला. भट्टी वाढव रे बाबा. आरं वाढव. वाढव रं देवा. तो आवाज ऐकून अंगणातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

“बाईनं उलटी आज्ञा दिली,” शेठ म्हणाले. “यंत्रानं पाळली. आजपासून भट्टीवर जुनं माणूस नको. आणि बाकीच्यांनी यंत्राला कळेल असंच बोलायचं. भिंतीवर पाटी लावू. त्यावर असतील तेवढेच शब्द.”

आक्का मान खाली घालून म्हणाली, “खरं हाय शेठ. माजंच चुकलं. मला मेलीला बोलायची अक्कल न्हाई.”

पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यांना पटलं होतं. एक जण सुगंधाला म्हणाला, “मग ताई, यंत्र निर्दोष आहे ना? तुम्ही हो म्हणा, आमच्याकडचं कामही लगेच सुरू करू.”

सुगंधानं नुसतं हो म्हणायचं होतं. शाळा, मुलं, गावोगावची यंत्रं, सगळं त्या एका ‘हो’च्या पलीकडे उभं होतं. आणि खोटं तरी कुठे बोलायचं होतं? यंत्रानं ऐकलेलं तर केलं होतं. आक्कानं स्वतःच कबुली दिली होती. सुगंधा माणूसच होती; तिच्या मनात ते येऊन गेलं. तिनं आक्काकडे बघितलं, पण आक्कानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हातारी तिला अवघड नको म्हणून दुसरीकडे बघत होती.

सुगंधा म्हणाली, “शेठ, एक विचारू? काल संध्याकाळी पेढीवरून उठताना तुम्ही दिवाणजींना काय सांगितलंत?”

“काय सांगणार? रोजचंच. म्हटलं, दुकान वाढवा.”

“मग दिवाणजींनी काय केलं?”

“फळ्या लावल्या, कुलूप घातलं. दुसरं काय करणार?”

“दुकान मोठं नाही केलं?”

अंगणात कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, पाहुणेसुद्धा. शेठ मात्र हसले नाहीत. सुगंधाही नाही.

“दिवाणजींना कळलं, कारण ते काकणवाडीचे आहेत,” ती म्हणाली. “आक्का बोलली ते बरोबरच बोलली. तिच्या सासूनं शिकवलं तेच बोलली. मीही याच गावची. मी रांगत असल्यापासून हा शब्द ऐकत आले. इतका ऐकला, की तो यंत्राला शिकवायचा असतो हेच माझ्या लक्षात आलं नाही. आणि थांबवायची किल्ली मी माझ्याच कमरेला ठेवली. ती आक्काच्या हाताशी असती, तर तिचा हात असा झाला नसता.”

शेठ चिडून म्हणाले, “म्हणजे चूक यंत्राची म्हणायची?”

“यंत्राला चूक करताच येत नाही, शेठ. त्याला फक्त मी शिकवलेलं येतं. चूक माझी आहे. आक्काला भट्टीवरून काढायचं असेल, तर तिच्या आधी मला काढा.”

असं चारचौघांत आपल्या हातानं आपल्या स्वप्नावर पाणी सोडणारी माणसं मी फार बघितली नाहीत. पाहुणे एकमेकांकडे बघत उठले. चहाचे कप तसेच राहिले. सुगंधानं कानोबाला भिंतीवरून उतरवलं, चादरीत गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून घेऊन गेली. पण जायच्या आधी ती आक्कापाशी बसली, तिच्या हाताचं फडकं सोडलं, मलम लावलं आणि पुन्हा बांधलं. आक्का म्हणाली, “येडी गं येडी. कशापायी बोललीस? म्या गेले असते गप घरी.”

मग सुगंधा गावभर फिरू लागली. स्वयंपाकघरांत बसली, दुकानांत बसली, लग्नघरात बसली. माणसं कसं बोलतात ते ऐकू लागली. आणि जितकं ऐकलं तितकी थक्क झाली. दिव्याला ‘विझव’ म्हणायचं नाही, तांदूळ ‘संपले’ म्हणायचे नाहीत, निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. माणसं उलटं बोलत होती आणि एकमेकांना सुलटं कळत होतं. हे सगळं ती यंत्राला शिकवत गेली. पण रोज एखादा नवा शब्द भेटायचाच. एका घरात एक रीत, तर शेजारच्या घरात दुसरी. शेवटी तिला एक गोष्ट स्वच्छ कळली. आपण यंत्राला कितीही शिकवलं, तरी एक शब्द कुठेतरी राहणारच. आणि तोच कुणाचा तरी हात भाजणार.

तेव्हा तिनं कानोबाला एक नवी विद्या शिकवली. ती इतकी साधी होती, की तिचं तिलाच हसू आलं. लहान मूल जी पहिल्यांदा शिकतं आणि मोठं माणूस जी पहिल्यांदा विसरतं, तीच. तिनं त्याला विचारायला शिकवलं.

दिवाळीनंतर भट्टी नव्यानं बांधली गेली. शेठचा राग एव्हाना निवळला होता; धुराशिवायचे दिवस बायकांना आठवत होते आणि त्या रोज शेठना आठवण करून देत होत्या. आक्का भट्टीवर होतीच. तिला काढायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. कानोबा परत भिंतीवर चढला. या वेळी त्याच्या खाली एक जाड लाल दोर लोंबत होता. तो कुणीही ओढावा, आणि ओढला की यंत्र गप्प. किल्ली नाही, कुलूप नाही. सुगंधानं तो इतका खाली ठेवला होता, की जमिनीवर पडलेल्या माणसाचाही हात पोचावा.

पाहुणे मालक पुन्हा आले, पण या वेळी जरा लांबच उभे राहिले. दिवस मावळायला आला. सुगंधा म्हणाली, “आक्का, भट्टीचं तू बघ.”

आक्का जागची हलेना. तिनं भाजलेला हात पदराखाली घेतला. “म्या न्हाई गं बाई,” ती म्हणाली. “तू सांग. नायतर ती पाटीवरची भाषा शिकव मला.”

“पाटी नाही आणि काही नाही. तुला येतं तसंच बोल. मी इथे तुझ्याजवळ उभी आहे.”

आक्कानं पदर डोक्यावरून घेतला. भट्टीला हात जोडले. यंत्राकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, “भट्टी वाढव रे बाबा.”

आच वाढली नाही. उतरलीही नाही. कानोबाचा छोटा दिवा लुकलुकला, आणि जाळीतून प्रश्न आला, “आक्का, आच चढवू की उतरवू?”

आक्का बघतच राहिली. इतक्या वर्षांत भट्टीवर तिला हुकूम मिळाले होते, तिनं हुकूम दिले होते. पण तुला काय म्हणायचं आहे, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. तिचे आटलेले डोळे भरून आले.

“उतरव रं लेकरा,” ती म्हणाली. “दमलीया ती. निजू दे तिला.”

आच हळूहळू उतरली. पिवळं तोंड लाल झालं, लालाचं शेंदरी झालं, आणि भट्टी मंद धगीवर निवांत पडली.

एका मालकानं मात्र नाक मुरडलं. “ताई, आधीचं यंत्र बरं होतं. सांगितलं की करायचं. हे तर प्रश्न विचारतं. म्हणजे याला आधीपेक्षा कमी कळतं की काय?”

सुगंधा म्हणाली, “आधी आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटायचं. आता कुठे त्याला खरं कळायला लागलंय.”

त्या मालकानं जरा विचार केला, मग पुढे येऊन लाल दोर दोनदा ओढून बघितला. पुढच्या महिन्यात त्याच्याच भट्टीवर पहिलं यंत्र बसलं, आणि मग एकेक करत सगळ्यांच्या. सुगंधाची शाळाही उभी राहिली. तिथे पहिला धडा यंत्राचा नसतो. मुलांना आधी गावात पाठवतात, माणसं कशी बोलतात ते ऐकून या म्हणून.

कानोबानं पहिल्यांदा प्रश्न विचारला त्या संध्याकाळी, सगळे पांगल्यावर, आक्कानं नव्या भट्टीतली पहिली हिरवी काकणं काढली आणि सुगंधाला समोर बसवलं. यंत्रांशी झटापट करणाऱ्या त्या पोरीच्या हातात कधी काकणं टिकलीच नव्हती. आक्का आपल्या डागाळलेल्या हातानं तिच्या हातात एकेक काकण चढवू लागली. शेवटचं चढवताना ‘कट्’ असा आवाज झाला.

“वाढली गं,” आक्का हळहळली.

भिंतीवरचा छोटा दिवा लुकलुकला. “आक्का, वाढली म्हणजे जास्त झाली, की...”

एवढंच विचारून कानोबा थांबला. ‘की’च्या पुढचा शब्द त्यानं उच्चारला नाही. काकणवाडीत तो म्हणत नाहीत, हेही सुगंधानं त्याला शिकवलं होतं.

आक्का आधी चकित झाली, मग पदरात तोंड लपवून पोट धरधरून हसली.

“व्हय रं शहाण्या,” ती म्हणाली. “की!”

तात्पर्य: यंत्र चुकलं तर ती चूक ते घडवणाऱ्यानं आपल्या पदरात घ्यावी, आणि माणसाला यंत्राची भाषा बोलायला लावण्यापेक्षा यंत्राला माणसाचा अर्थ विचारायला शिकवावं.